मोठ्या लाटेवरची बारकी लाट

पंकजा सकाळी दवाखान्यात येते तेव्हा कुणाची तरी आदली रात्र तिची वाट बघत असते.

परभणीत वसमत रोडजवळच्या एका गल्लीत डॉक्टर शंतनु वालूरकरांचा मेंदूविकारांचा दवाखाना आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर झोपेच्या तपासणीची खोली आहे. तिथं एक पलंग, जाड पडदे आणि भिंतीवर एक कॅमेरा, एवढंच. पेशंट संध्याकाळी येतो. रात्रपाळीची बबिता त्याच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला तारा चिकटवते, आणि तो झोपतो. सकाळी तोंड धुऊन, चहा पिऊन तो घरी जातो आणि त्याच्या मेंदूच्या लाटा तेवढ्या मागं राहतात. संगणकावर त्या लाटा तीस-तीस सेकंदांच्या पानांत कापलेल्या असतात. एका रात्रीची आठ-नऊशे पानं होतात. पंकजानं एकेक पान बघायचं आणि ठरवायचं की त्या अर्ध्या मिनिटात हा माणूस जागा होता, पेंगत होता, झोपला होता, गाढ झोपला होता की स्वप्नात होता. प्रत्येक पानाला त्याप्रमाणं एक खूण करायची. दवाखान्यात सगळे याला 'पानं लावणं' म्हणतात.

ती मूळची जिंतूर तालुक्यातली. गाव माळावरचं आणि आईबाप ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की टोळीचा ट्रॅक्टर यायचा. सूर्यभान आणि कडूबाई पोरांना घेऊन कारखान्यावर जायची ती उन्हाळ्यातच परत यायची. पंकजा शाळेच्या वयाची झाली तेव्हा तिला जिंतूरला वसतिगृहात ठेवलं. ती अभ्यासात फार पुढं नव्हती, पण एका जागी बसून एकच गोष्ट नीट बघत राहायचा तिला कंटाळा येत नसे. हा गुण शाळेत कुणाला दिसला नाही. बारावीनंतर तिनं संभाजीनगरला टेक्निशियनचा कोर्स केला आणि वालूरकरांकडं फिट येणाऱ्या पेशंटांचे मेंदूचे आलेख काढायला लागली. लग्न झालं. नवरा भागवत पूर्णा जंक्शनला रेल्वेत आहे. तो पाळीप्रमाणं गाडीनं ये-जा करतो आणि दोघं परभणीतच राहतात.

डॉक्टरांनी झोपेची खोली सुरू केली तेव्हा पानं लावायला पुण्याला पाठवावी लागत. तिथं प्रभावती सेलूकर हे काम करायच्या. घराणं सेलूचं, वडील मास्तर. नोकरीनिमित्त त्या पुण्याला गेल्या आणि तिथंच राहिल्या. डॉक्टरांनी त्यांना विनंती केली की आमच्या एका मुलीला तयार करून द्या. मग रोज दुपारी दोघी आपापल्या संगणकावर एकच पान उघडून फोनवर बोलायला लागल्या.

डोळे मिटून जागा पडलेला माणूस असला की डोक्याच्या मागच्या तारेत बारीक, एकसारख्या लाटा येतात. पंकजाला त्या शिलाई मशीनच्या टिपेसारख्या वाटल्या आणि तिनं त्यांना टीप असंच नाव ठेवलं. टीप विरली आणि डोळे सावकाश इकडून तिकडं घरंगळायला लागले की पेंग आली. मग मध्येच एक झुबका येतो, पोटात फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, सुताच्या चातीसारखा. तो दिसला की माणूस खरा झोपला. त्यानंतर मोठ्या, संथ लाटा यायला लागतात. पानाचा पाचवा हिस्सा त्यांनी भरला की ती गाढ झोप. स्वप्नाच्या वेळी लाटा पुन्हा बारीक होतात, जवळजवळ जागेपणासारख्या. पण हनुवटीची तार सपाट पडते आणि डोळे झपाझप फिरतात.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण खरी पानं पुस्तकातल्या चित्रासारखी नसतात. माणूस कूस बदलतो, तार हलते, घाम येतो आणि रेघ वरखाली वाहत जाते. सुरुवातीला पंकजाची निम्मी पानं मॅडमच्या पानांशी जुळायची नाहीत. तिला रडू यायचं. मॅडम म्हणायच्या की पूर्ण तयार झालेल्या दोन माणसांचंही पाचातल्या एका पानावर पटत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगत.

"पान बघ, पंकजा. माणूस बघू नकोस. हा बिचारा कधीचा आजारी आहे, ही बाई किती दमलेली आहे, असं मनात आलं की हात चुकतो."

वर्षभरात तिचा हात बसला. त्यानंतर पुण्याला क्वचितच काही पाठवावं लागे.

इकडं गावाकडं कडूबाईची एक तक्रार वाढत चालली होती. टोळीला जाणं थांबून बरीच वर्षं झाली होती. सूर्यभानचे गुडघे गेले होते, पंकजाचा धाकटा भाऊ परमेश्वर सोयाबीन आणि कापूस बघत होता, घरात खायला-प्यायला ठीक होतं. पण कडूबाई म्हणायची की मला झोप येत नाही. कमी येते असं नाही, येतच नाही. रात्रभर मी नुसती पडलेली असते, सगळं मला ऐकू येतं. सूर्यभान हसायचा. बाजूच्या खाटेवर तोच असायचा. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की ही रात्रभर घोरती अन् सकाळी म्हणती डोळ्याला डोळा लागला न्हाई. परमेश्वराची बायकोही पदराआड हसायची. गावात कडूबाईची ही गोष्ट चेष्टेची झाली होती, आणि ती बाई त्या चेष्टेनं आतून बेजार झाली होती.

तिनं कुणाकडून तरी झोपेच्या गोळ्या मिळवल्या. एकीनं भागेना म्हणून ती दोन घ्यायला लागली. एका सकाळी गोळीच्या गुंगीत ती गोठ्यात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. परमेश्वराचा फोन आला तशी पंकजा जिंतूरला गेली आणि प्लास्टर घातलेल्या आईला एसटीनं परभणीला घेऊन आली.

डॉक्टरांनी कडूबाईचं सगळं ऐकून घेतलं. ते हसले नाहीत, त्यामुळं तिला ते आवडले. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करू, त्या सुटल्या की मग एक रात्र तपासणी करू, असं त्यांनी ठरवलं. त्या काही आठवड्यांत कडूबाई लेकीच्याच घरी राहिली. एका हातानं तिनं लेकीचं घर झाडून काढलं, खिडक्या पुसल्या, आणि रोज एकदा तरी विचारलं की मशीन कधी लावायची.

पंकजानं एकदा तिला विचारलं, एवढी घाई का म्हणून.

"समद्यांनी मला खोटी केलंय," कडूबाई म्हणाली. "तुझा बाप, तुझी वैनी, समदा गाव. मशीन तर गवाही दील का न्हाई? तिला काय कुणाची भीड हाय?"

झोप आलीच नाही असं सांगणारे पेशंट पंकजानं पाहिले होते. त्यांच्यातल्या काहींच्या पानांवर चांगली पाच-सहा तासांची झोप असायची. हे ते मुद्दाम सांगत नसत. त्यांना तसंच वाटत असे. आपली आई त्यांतली असेल तर? हा विचार पंकजानं बाजूला सारला.

तपासणीच्या दिवशी तारा चिकटवायला बबिताच्या जोडीला पंकजा स्वतः थांबली. डोकं टेपनं मोजायचं, पेन्सिलीनं खुणा करायच्या, प्रत्येक खुणेची जागा खरखरीत मलमानं घासून साफ करायची आणि मग तिथं तारेची चकती बसवायची, असा तो उद्योग असतो. बरोबर टाळूवरची खूण करताना तिचं बोट थांबलं. तिथले केस विरळ झाले होते आणि कातडी जाड होती. त्याच जागेवर चुंबळ ठेवून कडूबाईनं वर्षानुवर्षं उसाच्या मोळ्या फडातून गाडीपर्यंत नेल्या होत्या. त्या जागेची तार नीट लागेपर्यंत बबिताला बराच वेळ घासावं लागलं. कडूबाई हूं का चूं न करता बसून होती. मग पंकजा घरी गेली; आपल्या माणसाच्या रात्री तिनं तिथं थांबू नये असं डॉक्टरांचंच म्हणणं होतं.

सकाळी ती आली तेव्हा कडूबाई पलंगावर ताठ बसलेली होती. झोप लागली का, असं प्रत्येक पेशंटला विचारावंच लागतं. तसं पंकजानं विचारलं.

"न्हाई," कडूबाई म्हणाली. तिच्या आवाजात एक प्रकारचं समाधान होतं. "समदं ऐकलं. खाली एक गाडी आली, दार वाजलं. ह्या पोरीच्या हातातून काय तरी पडलं. मग कुणाचा तरी फोन वाजला अन् तिनं दाबला."

बबिता चकित झाली. हे सगळं घडलं होतं.

दवाखान्यातल्या माणसाच्या नातलगाची पानं दुसऱ्यानं लावावीत असा तिथला नियम आहे, म्हणून डॉक्टरांनी ती रात्र पुण्याला पाठवली. पंकजानं विचारलं की मी नुसती बघू का. डॉक्टर म्हणाले की बघ, पण निकाल मॅडमचा.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर ती बसली. बघता बघता ती पानं लावायलाच लागली. सुरुवातीची पानं जागेपणाची होती, टीप स्वच्छ. मग पेंग. आणि मग, तिला वाटलं होतं त्याच्या कितीतरी आधी, पहिली चाती दिसली. मागून दुसरी. आई झोपली होती.

पंकजा पुढं जात राहिली. मोठ्या लाटा आल्या. अधूनमधून त्या मोडत, थोडा वेळ टीप येई, आणि पुन्हा लाटा. मध्यरात्रीनंतर एका जागी हनुवटीची तार सपाट झाली आणि डोळे फिरायला लागले. ती तिथं थबकली. आईला स्वप्न पडत असेल हा विचार तिनं आजवर कधी केला नव्हता. आई म्हणजे उठणारी, उठवणारी. कसलं स्वप्न असेल, हे त्या रेघांत कुठंच नव्हतं, तरी ती ते पान कितीतरी वेळ बघत बसली.

शेवटी बेरीज आली. तिच्या हिशेबानं आई जेमतेम चार तास झोपली होती. ही काही फारशी झोप नव्हे, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा निकाल आला. त्यात झोप सहा तासांच्या वर होती.

पंकजानं फोन केला. आपण पानं लावून बघितली हे तिनं सांगून टाकलं आणि आपली बेरीजही सांगितली. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी संगणक सुरू केला आणि फरक पडलेली पानं एकेक करून उघडायला सांगितली. काही ठिकाणी पेंगेच्या पानाला पंकजानं जागं लावलं होतं. एका ठिकाणी तर चाती ढळढळीत दिसत होती आणि तरी तिनं जागं लावलं होतं. हे चुकलं, हे पण चुकलं, असं ती स्वतःच म्हणत गेली.

मग गाढ झोपेतली काही पानं आली. मॅडमनी विचारलं की इथं जागं का लावलंस.

"टीप दिसायलीय, मॅडम," पंकजा म्हणाली.

"दिसतेय. मलाही दिसली. तिच्या खाली काय आहे?"

खाली मोठी लाट होती. संथ, उंच, गाढ झोपेची. आणि त्या लाटेच्या चढावर, माथ्यावर, उतारावर बारीक टीप घातलेली होती. एका पानावर नाही, पानांमागून पानांवर.

"नियमानं ही गाढ झोपच," मॅडम म्हणाल्या. "मी तसंच लावलंय आणि तूही तसंच लावायला हवं होतंस. पण शेऱ्यात मी काय लिहिलंय ते वाचलंस का?"

पंकजानं बेरजेपलीकडं वाचलंच नव्हतं. शेऱ्यात लिहिलं होतं की गाढ झोपेत जागेपणीच्या लाटा रात्रभर मिसळलेल्या आहेत. पेशंटला झोप न लागल्यासारखं वाटण्याशी याचा संबंध असू शकतो. मॅडमनी समजावलं की असं काही माणसांत दिसतं, सगळ्यांतच त्याचा अर्थ एक असतो असं नाही, आणि त्याचं नेमकं कारण कुणी छातीठोक सांगत नाही. पण बाई जे सांगते आहे ते उगाच नाही. मग त्यांनी विचारलं की पानं लावताना आई दिसत होती ना. पंकजा हो म्हणाली. त्या एवढंच म्हणाल्या की मी माझ्या वडिलांची लावली असती तर मीही चुकले असते.

आईला सांगायचं तेव्हा सूर्यभानही गावाहून आला होता. डॉक्टरांनी सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. मावशी, तुम्ही झोपता, मशीनवर सहा तास झोप आलीय, तिच्यात थोडी गडबड आहे ती आता सांगतो. पण पुढचं सांगायला त्यांना जागाच मिळाली नाही. सूर्यभाननं मांडीवर थाप मारली आणि म्हणाला की मी इतकी वर्षं काय सांगायलो. तो काही दुष्टपणानं बोलला नाही. पण कडूबाई उठली, पिशवी घेतली आणि जिना उतरून खाली गेली.

त्या संध्याकाळी लेकीच्या घरी पोळ्या लाटताना तिनं पाठ न वळवता पंकजाला विचारलं, "म्हंजे मी खोटी?"

पंकजानं परात बाजूला सारली आणि तिच्याजवळ बसली. लाटांचं काही बोलायच्या ऐवजी तिनं विचारलं की माय, तुला असं कधीपासून व्हायलंय. कडूबाई म्हणाली की तू जन्मायच्या आधीपासून. आणि मग ती कारखान्यावरच्या कोपीबद्दल बोलायला लागली. पंकजाला ती पाचटाची झोपडी अंधुक आठवत होती. आई तिच्याबद्दल कधी बोलत नसे.

कडूबाईनं सांगितलं की कोपीला दार नसतं, एक गोणपाट लावलेलं असतं. बाजूला उसाचं रान. त्यात बिबट्या असायचा, साप असायचे. पोरं झोपेत चुलीकडं लोळत जायची. ट्रक कधीही यायचा आणि भोंगा वाजला की पळत जाऊन भरून द्यावा लागायचा. उशीर झाला की मुकादमाची बोलणी. शिवाय रस्त्यानं कुणी कुणी बाप्ये जायचे, कुणाच्या मनात काय असंल कुणाला मालूम. "तुझा बाप दिसभर कोयता चालवून मढ्यासारखा पडायचा. कोयता मी बी चालवायचीच. पण दोघं मढं झालो तर कसं व्हायचं? मंग मी एक कान उघडा ठेवायची. झोपायचं बी अन् ऐकायचं बी. तेच्यानंतर तो कान काय मिटलाच न्हाई बघ."

सूर्यभान दाराशी बसून ऐकत होता. त्याच्याकडं दोघींचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंकजा दोघांनाही दवाखान्यात घेऊन गेली आणि डॉक्टरांना विचारून तिनं पानं उघडली. आधी तिनं दुसऱ्या एका माणसाचं, नाव झाकून, गाढ झोपेचं पान दाखवलं. नुसत्या मोठ्या, मऊ लाटा. मग तिनं आईचं पान काढलं. कडूबाई पुढं वाकली. चष्मा नसल्यानं तिनं मान मागं-पुढं केली, आणि प्लास्टर निघालेल्या हाताचं बोट पडद्याला लावलं.

"ही मोठी, ती झोप?"

"हो."

"अन् ही बारकी? वरची?"

"ती जाग असल्यावर येती. तुझी झोपेत बी आलीय. रातभर."

कडूबाईनं त्या बारक्या लाटेवरून बोट नेलं, पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"ही मी," ती म्हणाली.

मग तिनं विचारलं की स्वप्न दिसतंय का ह्याच्यात. पंकजा म्हणाली की डोळे फिरलेले दिसतात, काय बघितलं ते नाही दिसत. बरं हाय, असं कडूबाई म्हणाली.

सूर्यभान मागं उभा होता. त्यानं गळ्यातला गमछा काढला, घडी केली, पुन्हा गळ्यात टाकला. तो बोलला तो डॉक्टरांकडं बघून, पण सांगणं बायकोला होतं.

"साहेब, मी निवांत घोरलो ते हिच्या जिवावर. ही ऐकत व्हती म्हणून. आज कळलं बघा."

परत जाताना जिन्यावर कडूबाईनं त्याच्या दंडाला धरलं. गुडघे त्याचे वाईट होते, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं.

डॉक्टरांनी जे उपाय सांगितले ते साधे होते आणि कडूबाईला पहिल्यांदा पटले नाहीत. झोप यावी म्हणून दिवेलागणीलाच आडवं व्हायचं नाही. पेंग आली की मगच खाटेवर जायचं. झोप झाली असो-नसो, सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं. पडून राहून जीव तळमळायला लागला तर उठून बसायचं, आणि पुन्हा पेंग आल्यावर पडायचं. गोळी नाही. आणि सगळं एकदम नीट होईल असा भरवसा त्यांनी दिला नाही.

गावी गेल्यावर सूर्यभाननं आपणहून एक केलं. कडूबाईची खाट इतकी वर्षं दाराजवळ होती आणि त्याची आत. त्यानं त्या बदलल्या. दाराजवळ आता तो झोपतो. दाराला त्यानं जिंतूरहून नवी, भक्कम कडी आणून बसवली आणि झोपायच्या आधी तो ती दोनदा ओढून बघतो, बायकोला ऐकू जाईल अशी. परमेश्वराच्या बायकोनंही चेष्टा सोडली. सासूला झोप लागली का असं विचारायच्या ऐवजी ती आता विचारते की काल काय काय ऐकलं, आणि कडूबाई सांगते. सांगण्यासारखं दिवसेंदिवस कमी होत चाललं, ही गोष्ट आधी सुनेच्याच ध्यानात आली.

दिवाळीनंतर कडूबाई आठ दिवस परभणीला आली. एका दुपारी पंकजा लवकर घरी आली तर आई फरशीवर चटई टाकून आडवी होती, तोंड किंचित उघडं. गॅसवर कुकर होता. त्याची शिट्टी झाली. मग अजून एक झाली. कडूबाई हलली नाही. पंकजानं चपला हातात घेतल्या, पावलं न वाजवता आत जाऊन गॅस बंद केला, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली. पोटाचं वरखाली होणं, पापण्यांखाली डोळ्यांचं फिरणं तिला दिसत होतं. हे कुठलं पान, हे तिला तारांशिवाय कळत होतं. तरी या वेळी तिला कसली खूण करायची नव्हती.

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा तपासणी करायची का असं विचारलं तेव्हा कडूबाईनं नको म्हणून सांगितलं. तिला पाहिजे होतं ते तिनं बघितलं होतं. पण गावात तिनं त्या खोलीबद्दल इतकं सांगितलं की उन्हाळा लागायच्या आत टोळीतली तिची जुनी जोडीदारीण मनकर्णा एक दिवस जीपमधून उतरून दवाखान्यात हजर झाली. तिचंही म्हणणं होतं की झोप लागत नाही आणि दिवसभर डोकं जड राहतं.

तिच्या तपासणीनंतरच्या सकाळी पंकजानं तिची पानं उघडली, तेव्हा मोठ्या लाटेवर टीप असेल असं तिला वाटलं होतं. तशी ती कुठंच नव्हती. हिचा श्वासच मध्ये मध्ये थांबत होता, आणि दर वेळी मेंदू खडबडून जागा होऊन तो पुन्हा सुरू करत होता. हे दुखणं वेगळं, त्याचा इलाज वेगळा. पंकजानं चहा बाजूला ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्या पानापासून लावायला घेतलं.